सशाचे कान, परवापर्यंत

आधी माफी मागतो. लिहिणं हे आमच्या घरातलं काम नाही. माझ्याआधी आमच्यात दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नाही, आणि माझे वडील अजूनही सही करताना जीभ दातांत धरतात. तेव्हा पेन हातात घेऊन लोकांना काही सांगायला बसणं म्हणजे न बोलावता पंगतीत जाऊन बसल्यासारखं वाटतं. कॉलेजातल्या मराठीच्या मॅडम म्हणाल्या, तुला जे नीट ठाऊक आहे तेवढंच लिही. मी बरेच दिवस शोधलं. इतिहास मला नीट ठाऊक नाही, तो फक्त पाठ आहे. शहरही ठाऊक नाही. शेवटी नीट ठाऊक असलेली एकच गोष्ट निघाली, ती म्हणजे सशाचे कान. ज्यांच्या घरी पाळीव जनावरं पहिल्यापासून सोफ्यावर बसतात, त्यांना यात नवीन काही सापडणार नाही. त्यांनी समजून घ्यावं.

मी फर्दापूरचा. वडील लेण्यांच्या पायथ्याला पर्यटकांना रंगीत गारगोट्या विकतात. चार-पाच भाषांत भाव सांगतात, वाचता एकही येत नाही. बी.ए.साठी मी शहरात आलो तेव्हा शहागंजच्या मागच्या एका गल्लीत, एका घराच्या गच्चीवरची पत्र्याची खोली मिळाली. घर ज्या म्हातारीचं, तिला सगळी गल्ली खाला म्हणायची, म्हणून आम्हीही खाला म्हणायचो. आम्ही म्हणजे मी आणि माझा रूमपार्टनर.

तो पैठणकडचा. माझ्याहून मोठा, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. मी त्याला भाऊ म्हणायचो. पहिल्याच दिवशी मी त्याला सांगितलं की मला शिक्षक व्हायचंय, त्यामुळे तो मला मास्तर म्हणू लागला. घासाघीस त्यानं करायची, खालाशी गप्पा त्यानं मारायच्या, पाण्याच्या टाकीवरून शेजाऱ्यांशी वाद त्यानं घालायचा आणि मिटवायचाही त्यानंच. मी मागं उभा राहून हसायचो. दिवाळीपर्यंत मला या शहरात काही बोलावं लागलं नाही.

ससा त्यानंच आणला. शहागंजच्या बाजारात एक पिंजरेवाला पोपट-कबुतरं घेऊन बसतो, त्याच्याकडून. मिक्सरच्या खोक्यात घालून आणला. पांढरा, लाल डोळ्यांचा. मी विचारलं, कशाला आणलास? तो म्हणाला की पिंजरा उन्हात ठेवला होता आणि सशाच्या कानातून ऊन दिसत होतं, ते बघून राहवलं नाही. एवढंच कारण. मला ते तेव्हा वेडेपणाचं वाटलं. नंतर मीही कित्येकदा गच्चीवर त्याला सूर्याकडं पाठ करून बसवलं आणि ते दोन गुलाबी कान बघत बसलो. आतल्या बारीक शिरा दिसतात, पिंपळाच्या पानाच्या दिसतात तशा.

त्या दिवशी खोक्यातून बाहेर काढायला मी सशाचे दोन्ही कान मुठीत धरले आणि त्याला वर उचललं. आमच्याकडं रानातला ससा मारून आणणारे तसाच आणतात, त्यामुळे देवानं ते कान धरायलाच दिलेत असा माझा समज होता. भाऊनं माझा उजवा कान धरला आणि मी ससा खाली ठेवेपर्यंत सोडला नाही.

"आता कळलं का मास्तर, कान कशासाठी असत्यात?"

मग त्यानं मला शिकवलं. त्यानं ते मोबाईलवर बघून शिकून घेतलेलं होतं. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. मागचे पाय मोकळे राहिले तर ससा अशी लाथ मारतो की त्याचाच मणका मोडू शकतो. कान बघायचे असतील तर जुन्या टॉवेलमध्ये बाळाला गुंडाळतात तसं गुंडाळायचं, तोंड आणि कान बाहेर. दर रविवारी एकदा उजेडात नेऊन आत बघायचं. आतली कातडी फिकट गुलाबी आणि कोरडी असली की ठीक. जिथवर सहज दिसतं तिथवरच मऊ सुती फडक्यानं हलकं पुसायचं, आत काडी घालायची नाही, पाणी जाऊ द्यायचं नाही. माझे वडील करगोट्याला तांब्याचं कानकोरणं बांधतात, सवड मिळाली की डोळे मिटून कान कोरत बसतात. मी ते सांगितल्यावर भाऊ म्हणाला, बाजारात कान साफ करणारा बसतो त्याच्याकडंच नेऊ, आधी सशाचे करू, मग तुझे, उरलं तेल तर तुझ्या बापाचे. रविवारची ती अर्धी सकाळ अशीच जायची. तो ससा धरायचा, मी पुसायचो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याला वाळूजच्या एका कंपनीत ठेकेदाराकडून काम लागलं. घरी लहान भावंडं होती, नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. सुरुवातीला इथूनच कंपनीच्या बसनं जाऊन-येऊन करायचा. मग शिफ्ट बदलू लागली आणि झोप पुरेना, तेव्हा तिकडंच चौघांच्या खोलीत राहायला गेला. कॉलेज सोडलं नाही असं त्यानं मला सांगितलं. परीक्षेपुरता येणार, महिनाभर आधी येऊन इथंच अभ्यास करणार. गादी, बादली आणि पुस्तकं ठेवून गेला. निघताना ससा माझ्या मांडीवर ठेवला.

"ह्याला ठेवून चाललोय तुझ्यापाशी. म्हंजी मी येणारच ना? परवा येतो."

आमच्याकडं परवा येतो म्हणजे पंचांग बघून सांगितलेला दिवस नसतो, हे मला कळत होतं. तरी तिसऱ्या दिवशी मी गच्चीचं दार लावलं नाही.

तो एकदा आला. थंडी पडली होती. मी खालच्या दुकानातून बिस्किटं आणली, खालानं चहा पाठवण्याऐवजी स्वतः वर आणून दिला आणि पायरीवर बसून त्याला कंपनीतल्या जेवणाबद्दल विचारत राहिली. त्याच्या गळ्यात दोरीला अडकवलेली कानात घालायची दोन केशरी बोंडं होती. तो प्रेस शॉपला, पत्रे दाबायच्या मशिनींवर होता, तिथं आवाजाशिवाय दुसरं काही नसतं म्हणाला. बोंडं कानात घालून मला म्हणाला, आता बोल. मी खरंच बोललो. इकडं करमत नाही, असं म्हणालो. त्यानं हाताचा पंजा हलवून विचारलं, काय? मी काही नाही म्हणालो. मग त्यानं सशाला मांडीवर घेऊन कान उघडून बघितले. जरा वेळ बघत राहिला. "मळ हाय थोडा," म्हणाला, "पुसत जा." आणि चहा पिऊन शिफ्टसाठी गेला.

त्यानंतर फोन उचलणं कमी झालं. मग एक दिवस फोन बंदच लागू लागला. मी पाठवलेल्या मेसेजपुढं एकच टिक यायची, ती तशीच राहायची.

मला मित्र नव्हते असं म्हणणं बरोबर नाही. वर्गात मुलं माझ्याशी नीट वागायची. पण त्यांचं बोलणं आधीच सुरू झालेलं असायचं आणि त्यात शिरायची जागा मला सापडायची नाही. संध्याकाळी खोलीचं कुलूप काढताना लक्षात यायचं की आज बसच्या कंडक्टरला स्टॉपचं नाव सांगितलं, तेवढंच तोंड उघडलं. मी सशाला इतिहासाचे धडे मोठ्यानं वाचून दाखवू लागलो. वाचताना त्याचा एक कान माझ्याकडं वळायचा आणि दुसरा गल्लीकडं. तो एक कान मला पुरायचा.

जानेवारीत तोच कान खाली पडला. ससा मान झटकायचा, मागच्या पायानं कान खाजवायचा, इतका की कानाच्या मुळाशी केस गेले. मी टॉवेलात घेऊन उजेडात बघितलं तर आत पिवळट-तपकिरी खपल्यांचे थर होते, पापुद्र्यावर पापुद्रा, आणि आंबूस वास. दुसऱ्या कानातही सुरुवात झाली होती. त्यानं खाणं कमी केलं.

आईला फोन केला. ती म्हणाली की गोड्या तेलात लसूण तळायचा, तेल कोमट झालं की कानात सोडायचं, तुझा कान फुटला होता तेव्हा तेच केलं होतं. नंतर म्हणाली, "तुला शिकायला पाठवलंय का सशाचे कान कोरायला?" आणि पुढच्या वाक्यात विचारलं की तो खातोय का.

मी तेल तयार केलं. वाटीत बोट बुडवून बघितलं, बरोबर कोमट होतं. ससा टॉवेलात गुंडाळलेला, कान वर. पण त्या खपल्यांवर तेल सोडायचा माझा हात झाला नाही. मला वाटलं, यात चूक झाली तर विचारायला इथं कुणीच नाही. वाटी झाकून ठेवली आणि सशाला खोक्यात घालून जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेलो.

तिथं रांगेत शेळ्या, एक लंगडणारं वासरू आणि पट्ट्याला बांधलेली दोन मोठी कुत्री होती. काय झालंय असं पुढच्या माणसानं विचारलं. मी म्हणालो, सशाचा कान फुटलाय. तो म्हणाला, काच बसवून दे नवी. शेळीवाल्या बाईसकट सगळे हसले, मीही हसलो. खूप दिवसांनी चारचौघांत हसलो, हे मला तिथंच जाणवलं.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी कानात बॅटरी मारली आणि म्हणाल्या, खरूज आहे.

हा शब्द ऐकला आणि माझी मान खाली गेली. मी पाचवी-सहावीला वसतिगृहात होतो तेव्हा मला खरूज झाली होती. माझं ताट वेगळं, झोपायची जागा दाराजवळ. मुलं चिडवत नव्हती, फक्त सरकून बसायची. डॉक्टरबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या की ही सशांच्या कानातल्या किड्यांची असते, माणसाला सहसा होत नाही, हात धुवत जा म्हणजे झालं. मी त्यांना लसणाच्या तेलाबद्दल विचारलं. लसूण सशाला चालतच नाही, म्हणाल्या, आणि बकऱ्यांच्या गोचिडांचं औषध कुणी देईल तर तेही लावू नको, ससे दगावतात. त्यांनी कातडीखाली एक इंजेक्शन दिलं, पंधरवड्यानं पुन्हा यायला सांगितलं. मग एक गोष्ट दोनदा बजावली. खपल्या ओढायच्या नाहीत. खालची कातडी ओली असते, ओढलं की रक्त येतं आणि ससा पुन्हा कुणाला कान धरू देत नाही. किडे मेले की खपल्या आपोआप गळतील.

घरी येऊन खालाला मी सांगितलं की कानात मळ झालाय. खरूज म्हणालो असतो तर तिनं खोली सोडायला सांगितली असती असं नाही, पण ती सरकून बसली असती, आणि तेवढंही मला नको होतं. तिनं खोक्यात डोकावून बघितलं. "मैल नई है ये," म्हणाली, "खाज है. टॉवेल अलग उबाल, मेरे कपड़ों में नक्को डाल." आणि तिथंच, सशाच्या खोक्याला टेकून, लसूण सोलत बसली. मग माझ्याकडं बघून तिनं तो सगळा लसूण पदराआड केला. सशाला लसूण चालत नाही, एवढं डॉक्टरबाईंचं बोलणं मी तिला सांगितलेलं होतं.

ते आठवडे मी फार काही केलं नाही, आणि काही न करणंच अवघड होतं. रोज खोका झाडायचा, टॉवेल उकळायचा, गवत बदलायचं. खपली कडेनं सुटलेली दिसायची, नखानं सहज निघाली असती. मी हात मांडीखाली दाबून बसायचो. माझ्या मनानं एक गोष्ट घेतली होती, ती आता लिहायलाही लाज वाटते. भाऊ ससा ठेवून गेलाय म्हणून तो येणार. ससा गेला तर त्याला यायचं कारण राहणार नाही. त्यामुळे मी जे करत होतो ते सशासाठी किती आणि माझ्यासाठी किती, ते मला वेगळं करता येत नव्हतं. दर दोन-तीन दिवसांनी मी कानाचा फोटो काढून त्याला पाठवायचो. आज डावा बरा आहे. आज खाल्लं. खाली एकच टिक.

पहिली मोठी खपली गळाली ती मला गवतात सापडली. वाळलेल्या कांद्याच्या सालीसारखी. खाली कातडी नवी, गुलाबी, आणि इतकी पातळ की मला बघायचीही भीती वाटली.

होळीनंतरची गोष्ट. खाला जालन्याला नात्यातल्या लग्नाला निघाली होती, दारात रिक्षा उभी. मी तिची पिशवी आत ठेवताना सहज बोलून गेलो की भाऊचा फोन काही लागत नाही.

"कायकू फिक्र करता रे," ती रिक्षात सरकत म्हणाली, "परसों तो आया था वो."

रिक्षा गेली. मी गल्लीत तसाच उभा राहिलो.

परवा मी दिवसभर कॉलेजात होतो. म्हणजे तो आला, मी नव्हतो, आणि तो गेला. वर येऊन मी खोली बघितली आणि मला खुणा दिसू लागल्या. सशाचं पाण्याचं वाडगं भिंतीच्या बाजूला होतं, मी ते दाराकडं ठेवतो. दोरीवरचा टॉवेल उलटा होता. त्याच्या गादीवर खोलगट दिसत होतं, कुणी बसून उठल्यासारखं. ससाही मला वेगळा वाटला, ओळखीचं माणूस भेटून गेल्यासारखा.

ते दोन दिवस माझे फार चांगले गेले. मी खोली झाडली, त्याची गादी उन्हात टाकली, कोथिंबिरीची मोठी जुडी आणली. वर्गात शेजारच्या मुलाला आपणहून सांगितलं की माझा रूमपार्टनर येऊन गेला. त्याला त्यात काय विशेष ते कळलं नसणार, पण तो बरं म्हणाला. मला रागही आला आणि तो रागसुद्धा छान वाटत होता. मी मेसेज लिहिला: आलास आणि न भेटता गेलास? कान बघितले का? पुन्हा एक टिक. मी मनाची समजूत घातली की नंबर बदलला असेल, ते सांगायलाच आला असेल.

खाला परतली तेव्हा मी तिच्या पिशव्या घ्यायला खाली धावलो. भाऊ काय म्हणाला ते विचारलं. ती म्हणाली, कधी?

"परसों," मी म्हणालो.

"वोई तो. चाय पिया, कंपनी का बोला, खरगोश देखा, गया." तिनं माझ्याकडं नवल करून बघितलं. "तू भी तो था बाजू में. बिस्किट तूच लाया था ना?"

मला जरा वेळ लागला. थंडीतला तो एकच दिवस, केशरी बोंडांचा. मी विचारलं, खाला, ते तर थंडीत.

"हौ, थंडी में. परसों," खाला म्हणाली.

तिच्या बोलण्यात मागं गेलेलं सगळंच परसों असतं. तिचा निकाह परसों झाला, गल्लीत नळ परसों आला, कुणी वारलं तेही परसों. आल्यापासून मी ते ऐकत होतो आणि मनातल्या मनात गंमत वाटून घेत होतो. दारात रिक्षा उभी होती तो दिवस सोडून. मी पिशव्या आत ठेवल्या. ती म्हणाली, लग्नातला मिठा आणलाय, बस, खा. मी बसलो आणि ते गोड खाल्लं. तिनं ताटलीत आणखी वाढलं.

वर येऊन बघितलं तर पाण्याचं वाडगं ससाच नाकानं ढकलत होता.

त्यानंतर एकदा मी वाळूजला गेलो. शिफ्ट सुटायची वेळ विचारून फाटकापाशी उभा राहिलो. आत सोडा अशी मागणी नव्हती माझी, फक्त तो दिसावा एवढंच. भोंगा झाला आणि माणसं बाहेर आली, एकाच रंगाच्या शर्टातली, सगळ्यांच्या गळ्यात तीच केशरी बोंडं. मी एकेक चेहरा बघत होतो आणि ते मला बघत होते. गेटवरच्या माणसानं विचारलं, कोण पाहिजे? मी नाव सांगितलं. कोणत्या ठेकेदाराचा? ते मला माहीत नव्हतं. तो समजावणीच्या सुरात म्हणाला की बाळा, ठेकेदाराशिवाय नुसतं नाव सांगून इथं माणूस सापडत नाही. बसेस भरून गेल्या, मोटारसायकली गेल्या. परतीच्या गाडीत मला खिडकी मिळाली.

पंधरवड्यानंतरच्या दुसऱ्या इंजेक्शनपासून कान झपाट्यानं सुधारत आले होते. पडलेला कान आधी अर्धा उठला, कोनात वाकल्यासारखा, मग पूर्ण. आतली कातडी पुन्हा कोरडी आणि फिकट झाली. शेवटचं दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरबाईंनी बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाल्या, छान सांभाळलंस. परीक्षेत इतके मार्क मला कुणी दिले नव्हते. आनंद सांगायला मी मोबाईल काढला आणि परत खिशात ठेवला.

एप्रिलात बी.कॉम.ची परीक्षा सुरू झाली. पहिल्या पेपरला मी कॉलेजच्या फाटकाजवळच्या लिंबाखाली उभा होतो. घंटा होईपर्यंत मुलं पळत येत होती. नंतर शिपायानं फाटक लोटलं. शेवटच्या पेपरपर्यंत मी रोज जाऊन उभा राहिलो, पण त्या दिवसांचं वेगळं काही सांगण्यासारखं नाही.

मेमध्ये पत्र्याची खोली तापते तेव्हा सशाचे कानही तापतात. त्याच्या अंगातली उष्णता कानांतून बाहेर पडते, हे मला आता माहीत झालं होतं. दुपारी कान लाल आणि गरम लागले की मी ओलं फडकं पिळून कानांच्या पाठीवर फिरवायचो, आत थेंब जाऊ न देता. खालानं त्याला खालच्या फरशीवर आणायला सांगितलं. मग मीही पुस्तक घेऊन तिथंच बसू लागलो. ती तांदूळ निवडायची, कधी काही विचारायची, कधी नाही.

रविवार होता. मी तिच्या उंबऱ्याजवळच्या उजेडात सशाला टॉवेलात घेतलं होतं. डावा कान झाला होता, उजवा चालू होता. मोबाईल बाजूला वाजला. अनोळखी नंबर होता आणि आवाजाचा मेसेज होता. माझे दोन्ही हात अडकलेले. तेवढ्यात सोडलं असतं तर त्यानं लाथ मारली असती, म्हणून मी उजवा कान पूर्ण पुसला, आत बघितलं, मग पाठीमागून पुसला. ससा टॉवेलातच मांडीवर ठेवला आणि मेसेज लावला. मागं कसली तरी घरघर होती. खालानं तांदळातून मान वर केली.

"मास्तर, मी बोलतोय. ह्यो नवा नंबर हाय. जुना मोबाईल मशीनीच्या पाण्यात पडला, त्यात सगळे नंबर गेले. तुझा नंबर कॉलेजच्या ग्रुपवरल्या पोराकडनं घेतला. खरं सांगू का, घेऊन लई दिवस झाले. पर हिंमत व्हईना. त्या दिशी चहाला आलो व्हतो ना, तवाच सशाच्या कानात मला दिसलं व्हतं. पिंजरेवाल्याकडं बी तसल्या कानाचे दोन व्हते. ते जगत नाय, म्हणला व्हता. तुला म्या मळ म्हणून सांगितलं. तू एकटा, घाबरला असता. मग फोन करायचा तर पयलं तेच इचारावं लागंल, आन तू सांगशील गेला म्हणून. म्हणून राह्यलं. तर आता असं हाय, की परवा मी पर्मनंट झालो. आईनं गावात पेढे वाटले. पर इथं नाय, गुजरातच्या प्लांटला टाकलंय. तिकडनंच बोलतोय. परीक्षा, रूम, ते काय आता व्हायचं नाय, मास्तर. माझी गादी तू घे. खालाला सलाम सांग. ससा आसंल तर तुझाच. नसंल, तर मला कळवू नको."